पाहुण्याला दिलेलं पाणी

पारशिवनीजवळच्या माझ्या माहेरी अंगणातच विहीर होती. मला नागपूरला दिली तेव्हा शेजारच्या बाया आईला म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं, आता हात लांब केला की नळ. आईनंही तसंच धरून चालायचं ठरवलं असावं, कारण रुखवतात तिनं मला दोर दिला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी सासरहून निरोप पाठवून दोर मागवला.

नळ नव्हता असं नाही. आमची वस्ती शहराच्या पूर्व अंगाला, नाल्याच्या काठानं वसलेली. वस्तीत शिरताच सिमेंटचा ओटा आणि त्यावर उभा लोखंडी नळ. त्याचं रीतसर उद्घाटन झालं होतं, हार घातला होता, पेढे वाटले होते आणि त्या दिवशी म्हणे पाणीही आलं होतं. ते माझ्या लग्नाआधीचं, मी काही पाहिलेलं नाही. मी आले तेव्हा त्या तोटीत गांधीलमाशा राहत होत्या. पाणी आणायचं ते नाला ओलांडून, संत्र्याच्या मळ्यातल्या विहिरीवरून. मळेवाला भला माणूस, पण त्याचं इंजिन सुरू झालं की विहिरीवर कोणी थांबायचं नाही हा त्याचा नियम. म्हणून भल्या सकाळी धुक्यात आम्ही सगळ्या बाया गुंड, म्हणजे पितळी घागरी, घेऊन निघायचो. आल्यावर मी साडी बदलून शाळेत शिकवायला पळायची. तिकडे हे कोराडीच्या वीजकेंद्राच्या बसनं कामावर जात आणि संध्याकाळी कानात राख घेऊन येत. आंघोळीला एक बादली द्यायची की दोन यावरून आमचा संसारातला पहिला तंटा झाला. दोन्ही बादल्या शेवटी मीच ओतल्या, एक त्यांच्या अंगावर आणि दुसरी रागानं अंगणात. दुसऱ्या दिवशी तीच बादली भरायला मलाच नाल्यापलीकडे जावं लागलं, तेव्हा राग आवरायचा असतो हे मला थोडं कळलं. पुरतं अजून कळलेलं नाही.

माझ्या सासूबाईंना मी मामीजी म्हणायची. अंगानं बारीक, बोलणं कमी, आणि पाण्याच्या बाबतीत अत्यंत चिकट. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदळाचं म्हशीला. मात्र एक गोष्ट त्यांच्या हिशेबात बसत नसे. घराच्या उंबऱ्यावर कोणीही आला, वसुलीवाला येवो नाहीतर भांडायला आलेला येवो, त्याला आधी गुळाचा खडा आणि गडवाभर पाणी. तेही माठातलं, तळातलं थंड. तुमचं काय काम आहे हे त्यानंतर विचारायचं. मी एकदा म्हटलं, मामीजी, हा तर आपल्यालाच शिव्या द्यायला आला होता. त्या म्हणाल्या, कोरड्या गळ्यानं काहून देईल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दर हिवाळ्यात नागपुरात अधिवेशन भरायचं. मुंबईहून सरकार यायचं, सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांना चुना लागायचा, साहेबलोकांच्या वाटेवरचे खड्डे बुजायचे आणि शहरभर पांढऱ्या टोप्या दिसायच्या. आमच्या वाटेवर मंत्री येत नसत, त्यामुळे आमचे खड्डे सुरक्षित होते. त्या वर्षी मात्र आमच्या भागाच्या आमदारांनी वस्तीतल्या कोरड्या नळाबद्दल तारांकित प्रश्न टाकला. म्हणजे असा प्रश्न, ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं आणि त्यावर उलट विचारताही येतं. वस्तीत एकदम उत्साह पसरला. सरकारला आता खरं सांगावं लागेल, एवढंच आम्हाला समजलं होतं. खरं सांगितलं की पाणी येईल, हे आमचं आम्हीच जोडून घेतलं होतं.

दिवाळी झाल्यावर पाण्याच्या खात्यातून एक पोरगेलासा कनिष्ठ अभियंता पाहणीला आला. वस्तीत त्याला सगळे ओव्हरसिअरच म्हणत. त्यानं ओटा पाहिला, तोटी पिरगाळली, माशा उठल्या तसा मागे सरला. मग उन्हातून चालत आमच्याच दाराशी आला, कारण सावली तिथं होती. मामीजींनी खाट टाकली, गूळ दिला, गडवा दिला. तो एका दमात प्यायला आणि त्यानं पुन्हा मागितलं. हे पाणी कुठलं, असं त्यानं विचारलं. मामीजींनी हात करून मळा दाखवला, इंजिनची अट सांगितली, पायवाट कुठं निसरडी आहे तेही सांगितलं. मी तिथंच वह्या तपासत बसले होते. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मामीजींना वाकून नमस्कार केला आणि सायकलवर टांग मारली. चांगला पोरगा होता, असं आम्ही दोघी म्हणालो.

प्रश्नाच्या दिवशी आमदारांनी आम्हाला प्रेक्षक गॅलरीचे पास दिले. वस्तीतून कोण जाणार यावर बराच खल झाला. शेवटी मामीजी सगळ्यांत जुन्या म्हणून त्या, आणि मी शिकलेली म्हणून मी. मामीजी ठेवणीतलं लुगडं नेसल्या. समोरच्या घरातल्या काकूंनी स्वतः त्यांचा पदर नीट केला. या काकू आणि मामीजी त्या वस्तीत एकाच उन्हाळ्यात राहायला आलेल्या. दोघींच्या दारात हाक मारण्याइतकंच अंतर, आणि ती हाक दिवसभर चालायची. काकू मला म्हणाल्या, सगळं ध्यानात ठेव वं, आम्हाले घरी येऊन सांगजो.

गॅलरीच्या दारात शिपायानं मामीजींची पानाची चंची काढून घेतली. मग नियम सांगितले. कठड्यावर हात ठेवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, टाळी वाजवायची नाही, बोलायचं तर मुळीच नाही. मामीजींनी विचारलं, श्वास घेतला तर चालते का? शिपाई हसला नाही.

आमचा प्रश्न आला. मंत्र्यांनी कागद उचलला आणि वाचलं. अमुक वस्तीतील नागरिकांना पिण्याचे पाणी मिळत नाही हे खरे आहे काय? हे खरे नाही. असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही केली? प्रश्न उद्भवत नाही. एवढं वाचायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी गुंडाला दोराचा फासही लावू शकले नसते.

आमचे आमदार उठले, त्यांनी उपप्रश्न विचारला, नळ कोरडा आहे हे मंत्रिमहोदयांना माहीत नाही का. सभागृहाच्या कडेला अधिकाऱ्यांची वेगळी बसायची जागा असते. तिथून एक चिठ्ठी निघाली आणि शिपायाच्या हातून मंत्र्यांकडे गेली. त्यांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी काळजी करू नये. आमचे अधिकारी त्या वस्तीत जाऊन, एका घरी बसून स्वतः पाणी प्यायले आहेत. एकदा नाही, मागून घेऊन." सभागृहात हशा पिकला. दोन्ही बाजूंनी. आमचे आमदारही नाइलाजानं थोडे हसले, ते मी पाहिलं आणि ते मी त्यांना पुढं कधी माफ केलं नाही.

मामीजींना त्याआधीचं छापील मराठी फारसं कळलं नव्हतं. हे कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "माहं पाणी होय ते." मी उठलेच होते. काय ओरडणार होते ते माझं मला माहीत नव्हतं, पण ओरडणार होते हे नक्की. मामीजींनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. त्यांचा हात लाकडासारखा घट्ट झाला होता. पुढचा प्रश्न कुठल्याशा पुलाचा होता.

दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात आलं. हशा झाला हेही कंसात छापलं होतं. शाळेत मुख्याध्यापकांनी मला विचारलं, बाई, तुमच्याकडे तर भरपूर पाणी आहे म्हणे. मी त्यांना काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. त्या वर्षी माझा गोपनीय अहवाल बरा नव्हता.

पण खरा घाव शाळेत बसला नाही, वस्तीत बसला. पहिले काही दिवस नुसती थट्टा होती. मग थट्टेला टोक आलं. ओव्हरसिअर पाणी प्यायला तो कोणाच्या घरी? मामीजींच्या. मंत्री म्हणतात वस्तीत पाणी आहे. म्हणजे असेल ते मामीजींच्याच घरी. मुलगा सरकारी बसनं जातो, सून शिकलेली, आमदाराकडून पास आणते, यांनी चोरून जोडणी घेतली असणार. इतक्या सोप्या पायऱ्या होत्या त्या. एक दिवस समोरच्या काकू हळद मागायला आल्या आणि हळद मी देत असताना मागच्या न्हाणीत डोकावून आल्या. भिंतीच्या कडेनं माती उकरलेली आहे का, ते त्या पाहत होत्या. मी ते पाहिलं. मामीजींनीही पाहिलं. हळद घेऊन काकू गेल्या, आणि त्या दिवसापासून दोन दारांमधली हाक थांबली.

विहिरीवर तर उघडच बोलणं व्हायचं. मामीजी गुंड घेऊन आल्या की कोणीतरी म्हणायचं, "तुमाले काहून लागते जी इथलं पाणी?" मामीजी एकदाही उत्तर देत नव्हत्या. मी द्यायची, आणि माझ्या प्रत्येक उत्तरानं प्रकरण चिघळायचं. शेवटी मामीजींनी विहिरीवर येणंच सोडलं. ज्या बाईनं या वस्तीत येताच पहिल्यांदा त्या मळेवाल्याला हात जोडून सगळ्यांसाठी विहीर मिळवली होती, ती घरात बसली. पाण्याच्या सगळ्या खेपा माझ्यावर आल्या. माझी कंबर दुखत होती आणि जीव त्याहून जास्त. मला घरात बसवेना, शाळेत बसवेना. फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता मी मनात त्या मंत्र्याशी भांडत असे.

यांनी समजावलं, सरकारी काम अन् सहा महिने थांब, लोक विसरतील. मी म्हटलं, लोक विसरतील, मामीजी कशा विसरतील? मामीजींना मी विचारलं, तुम्हाला काय हवं? नळ हवा, असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या ओव्हरसिअरनं इथं येऊन सांगावं. मी त्याले कोणतं पाणी देल्लं ते. बस."

मी आमदार निवासावर गेले. आमदार भाजलेल्या शेंगा खात बसले होते. मी हशाचं काढलं तेव्हा ते जरा वरमले. मग त्यांनी मला नीट समजावलं. सभागृहाला चुकीची माहिती देणं हा साधा गुन्हा नाही, तो सभागृहाचा हक्कभंग होतो. तशी सूचना देता येते. ती मान्य झाली तर एक समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते, साक्षी घेते. मात्र हे मुद्दाम केलं असं दाखवावं लागतं. मी विचारलं, आणि मुद्दाम नसेल तर आम्हाला पाणी मिळतं का? ते म्हणाले, बाई, तुम्ही फार तावातावानं बोलता. तरी त्यांनी सूचना दिली. कदाचित त्या हशाची बोच त्यांनाही होती. सूचना मान्य झाली हे आम्हाला होळीच्या सुमारास कळलं.

समिती उन्हाळ्यात नागपूरला आली. सरकारी विश्रामगृहात बैठक होती. बाहेर रस्ता उकळत होता, आत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं, कूलर घों घों करत होता. लांब टेबलावर काचेचे जग झाकून ठेवले होते. एका बाजूला समितीचे सभासद, समोर खात्याचे मोठे साहेब, आणि त्यांच्या मागे, खुर्ची थोडी मागे ओढून, आमचा तो ओव्हरसिअर. त्यानं मामीजींना पाहून नमस्कार केला. मी तोंड फिरवलं. मामीजींनी नमस्कार घेतला.

समितीचे अध्यक्ष साताऱ्याकडचे होते, बोलायला मऊ. त्यांनी मामीजींना मावशी म्हटलं, खरं सांगायची शपथ दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे अधिकारी तुमच्या घरी पाणी प्यायले, हे खरं आहे का?"

"हो जी."

"मागून घेतलं?"

"हो जी. दोनदा."

अध्यक्षांनी इतरांकडे पाहिलं. मोठे साहेब खुर्चीत सैल झाले. एक सभासद म्हणाले, मग सभागृहात जे सांगितलं ते तर बरोबरच आहे, चुकीची माहिती कुठं दिली? आम्ही इतके महिने ज्या खोटेपणाच्या मागे धावत होतो, तो त्या खोलीत हातात धरायला सापडत नव्हता. एक एक शब्द तपासला तर सगळं खरं होतं. नळ होता. पाणी होतं. ओव्हरसिअर प्यायला होता. आणि मामीजींना शपथेवर तेच कबूल करावं लागत होतं.

मग मामीजी अध्यक्षांना म्हणाल्या, "सायेब, आमच्या घरी पाणी हाय म्हणून आम्ही पाहुण्याले पाणी देत नाही. तो पाहुणा हाय म्हणून देतो. घरात एकच गडवा राह्यला तं तो त्याले जाते, आम्ही मंग तसेच राहतो. तुमच्याकडे असं नाही काय?"

अध्यक्षांनी मान खाली घातली. मग त्यांनी मामीजींच्या खांद्यावरून पलीकडे पाहून ओव्हरसिअरला विचारलं, तुम्ही काय लिहून दिलं होतं? तो उभा राहिला. त्यानं मोठ्या साहेबांकडे पाहिलं नाही, हे मला तेव्हाच जाणवलं. तो म्हणाला, नळ कोरडा आहे, लोक नाल्यापलीकडच्या खासगी विहिरीवरून पाणी आणतात, मी एका घरी प्यायलो ते पाणीही तिथलंच, असं मी लिहिलं होतं.

मोठ्या साहेबांनी त्याला खोटं पाडलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. ते अगदी शांतपणे म्हणाले, अधिवेशनात प्रश्नांचा ढीग येतो. खालून आलेलं टिपण प्रत्येक टेबलावर थोडं आटोपशीर होतं. एकानं विहीर काढली, कारण ती खासगी आहे, तिचा खात्याशी संबंध नाही. दुसऱ्यानं कोरड्या नळाचं वाक्य काढलं, कारण नळदुरुस्ती दुसऱ्या शाखेकडे आहे. उरलं ते पाणी प्यायल्याचं. कोणीही खोटं लिहिलं नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. मला वाटतं, मला जास्त भीती तिथंच वाटली. दुष्ट माणूस समोर असता तर मी भांडले असते. हे तर उंटावरून शेळ्या हाकणारे सज्जन होते. शेळी कुठं गेली ते त्यांनी उतरून पाहिलंच नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, आणि सगळं आटोपशीर करून झाल्यावर जे उरलं ते खरं आहे का, हे शेवटी पाहायचं कोणी? साहेब म्हणाले, तशी स्वतंत्र जबाबदारी कोणावर नाही. मग इथून पुढे ती तुमच्यावर, असं अध्यक्ष म्हणाले.

उठता उठता मी मध्येच बोलले. बोलायची माझी पाळी नव्हती. मी म्हटलं, मोठ्या साहेबांनी आमच्या वस्तीत येऊन हे बायांसमोर सांगावं, आमच्या मामीजी चार लोकांत उठबस करू शकत नाहीत. अध्यक्षांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. तशी तरतूद नाही, असं ते म्हणाले. सभागृहाचा अवमान झाला आहे, त्याची भरपाई सभागृहातच होईल. बाहेर व्हरांड्यात तो ओव्हरसिअर पुढे आला, काहीतरी सांगू पाहत होता, पण त्याला आतून हाक आली आणि तो गेला. पावसाळ्यात त्याची बदली झाल्याचं कळलं, पार सिरोंचाकडच्या जंगलात. नेहमीची बदली, असं म्हणत होते. मी दोन दिवस जेवले नाही. यांनी विचारलं, तेव्हा त्याच्यापासून तोंड फिरवलं, अन् आता त्याच्यासाठी उपास काहून करून राहिली?

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा टोप्या आल्या, पुन्हा चुना लागला. आमदारांनी पास पाठवले. मामीजींनी या वेळी चंची घरीच ठेवली. काकूंनी पदर नीट करायला येण्याचा प्रश्न नव्हता. गॅलरीत आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो. समितीचा अहवाल मांडला गेला. संबंधित अधिकाऱ्यानं सभागृहासमोर बिनशर्त दिलगिरी व्यक्त केली आहे, ती स्वीकारण्यात यावी, असं वाचलं गेलं. सभागृहानं ती स्वीकारली. मग मंत्र्यांनी दुरुस्त केलेलं उत्तर वाचलं. सदर वस्तीत पिण्याचे पाणी मिळत नाही, हे खरे आहे. कार्यवाहीची बाब विचाराधीन आहे. कोणी हसलं नाही. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि जे होते ते आपापसांत बोलत होते.

जिना उतरल्यावर मामीजींनी विचारलं, त्या साहेबानं माफी मागितली ना? मी हो म्हटलं. कोणाची? मी म्हटलं, सभागृहाची. त्या पायरीवरच थांबल्या.

"सभागृह का पाणी भरत होतं?"

मला आनंद व्हायला हवा होता. एका म्हाताऱ्या बाईच्या शब्दानं सरकारला आपलं उत्तर बदलावं लागलं होतं. ही लहान गोष्ट नाही, आज मला ते कळतं. पण त्या दिवशी रिक्षात बसून मी नुसती धुमसत होते. मला त्या साहेबाची मान वस्तीच्या ओट्यासमोर खाली झालेली हवी होती आणि ती कुठल्या तरी गालिच्यावर, कोणी पाहत नसताना, रीतसर खाली होऊन गेली होती.

या वेळीही ते वर्तमानपत्रात आलं, आतल्या पानावर. हशा नव्हता म्हणून बातमी लहान होती. मी तो अंक घेऊन ओट्यापाशी गेले आणि जमलेल्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवला, शाळेत धडा वाचतात तसा. सगळ्यांनी ऐकलं. एकीनं विचारलं, मंग नळ कधी येते? मी म्हटलं, ते यात नाही. म्हणजे आपल्याकडे पाणी नाही हे सांगाले यांना वर्ष लागलं, असं म्हणून ती हसली आणि बाकीच्याही हसल्या. मी नाही हसले.

संध्याकाळी समोरच्या काकू आमच्या अंगणात आल्या. वर्षभरानं. हातात वाटी होती, काहीतरी केलेलं होतं तिच्यात. मामीजी तांदूळ निवडत होत्या. काकू म्हणाल्या, "झालं गेलं सोडून दे माय. उद्या विहिरीवर ये."

मामीजींनी सूप बाजूला ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं, "तू रोज माह्यासंग पाणी भरत होती वं. माहा गुंड तूच डोक्यावर ठेवून देत होती. नळ कोरडा हाय हे तुले कोणी सांगाले पाह्यजे होतं काय? मंग काहून मानलं?"

काकूंचे डोळे भरून आले. त्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी दिलं.

"मंत्र्यानं तिथं उभं राहून सांगतलं होतं ना, माय. तिथं का कोणी खोटं बोलन?"

मामीजींनी वाटी घेतली आणि त्यांना खाटेवर बसायला जागा केली.